वऱ्हाड ज्या फौजेपायीं गेलें

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या नांदगांव खंडेश्वरीं, खंडेश्वराच्या देवळापाशीं संध्याकाळीं चार मंडळी बसली होती. बोलणें नेहमींचेंच चाललें होतें: कापसाचा भाव, रस्त्यांची दुर्दशा, पुढाऱ्यांचीं वचनें. शेवटीं एक गृहस्थ उसासा टाकून म्हणाले, "मास्तर, पांच वर्षें हा देश फौजेच्या हातीं देऊन पाहावा, म्हणजे सगळें सुतासारखें सरळ होईल." बहुतेकांनीं माना डोलावल्या. माझा एक जुना विद्यार्थी तेथेंच उभा होता. तो हल्लीं फौजेंत हवालदार आहे व त्या वेळीं रजेवर आला होता. सर्वांनीं त्याच्याकडे कौतुकानें पाहिलें. आतां हा खूष होईल, अशी त्यांची अपेक्षा होती. तो एवढेंच म्हणाला, "गुरुजी, ज्या कामाचें शिक्षण आम्हांला दिलेलें नाहीं, तें आमच्यावर कशाला टाकतां?"

मी मनांतून ओशाळलों. कारण त्या गृहस्थांचें तें वाक्य मीं स्वतः नागरिकशास्त्राच्या तासाला एकाहून अधिक वेळां उच्चारलें होतें, आणि तें ऐकणाऱ्या मुलांत हा हवालदारहि होता. मीं शिकविलेलें तो विसरला, हें त्याचें भाग्य; परंतु त्याला खरें कोणी शिकविलें? शाळेनें तर नव्हेच. त्याच्या पलटणीनें शिकविलें. फौज म्हणजे केवळ बंदुका आणि माणसें नव्हेत. तिला एक वळण असतें, पिढ्यान् पिढ्या मुरलेले संस्कार असतात, आणि मुलकी सत्तेशीं ती कशी वागेल हें कायद्याइतकेंच या वळणावर अवलंबून असतें. हें वळण कसें घडतें व कसें बिघडतें, याचा विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. त्यासाठीं दूर जावयास नको. आपलें वऱ्हाड हेंच या विषयाचें एक जुनें आणि महागडें उदाहरण आहे.

कोणत्याहि फौजेची परीक्षा करावयाची असेल, तर तीन प्रश्न विचारावे. तिला पगार कोण देतो? तिला हुकूम कोण देतो? आणि तिच्या अंमलदारांची बढती कोणाच्या हातीं आहे? या तिन्ही प्रश्नांचें उत्तर एकच असेल, आणि तें उत्तर प्रजेला जबाबदार असेल, तर ती फौज राज्याचा आधार ठरते. उत्तरें निरनिराळीं असतील, तर तीच फौज राज्याला भार होते. शिपाई तितकेच शूर असले तरीहि यांत फरक पडत नाहीं.

इ. स. १८०३ च्या नोव्हेंबरांत आजच्या अकोला जिल्ह्यांतील अडगांव येथें व डिसेंबरांत मेळघाटांतील गाविलगडावर इंग्रजांनीं नागपूरकर भोसल्यांचा पराभव केला. देवगांवच्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनीं सोडला व तो निजामाकडे गेला. निजामानें १७९८ व १८०० च्या तहांनीं इंग्रजांची तैनाती फौज आधींच पत्करली होती, आणि तिच्या खर्चासाठीं म्हैसूरच्या युद्धांत मिळालेले जिल्हे कंपनीला देऊन टाकले होते. येथवर हिशेब पुरा व्हावयास हवा होता. पण तो झाला नाहीं. युद्धप्रसंगीं निजामानें आपलीं स्वतःचीं पथकेंहि मदतीस धाडावीं, असें तहांत कलम होतें. तीं पथकें कवायती नाहींत, कुचकामाचीं आहेत, अशी तक्रार पुढें करून हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल यानें १८१३ च्या सुमारास एक नवी फौज उभारली. तिला प्रथम रसेल ब्रिगेड म्हणत. तीच वाढत जाऊन हैदराबाद कंटिंजंट झाली. एलिचपूरचा, म्हणजे आपल्या अचलपूरचा, नबाब सलाबतखान याच्या ब्रिगेडमधील पलटणीहि तिच्यांत सामील झाल्या. त्यांतील एका पलटणीचा जन्म १७८८ सालचा. ती पलटण आपण लक्षांत ठेवूं. तिची गांठ पुढें पुन्हां पडणार आहे.

आतां आपले तीन प्रश्न या फौजेला विचारून पाहूं. पगार कोण देई? निजाम. हुकूम कोण देई? रेसिडेंट. अंमलदारांच्या नेमणुका व बढत्या कोणाच्या हातीं? पुन्हां रेसिडेंटच्याच. अंमलदार इंग्रज, त्यांचे पगार घसघशीत, आणि खर्च आटोक्यांत ठेवण्याची चिंता कोणालाच नाहीं, कारण पैसा आपल्या खिशांतून जात नव्हता. गरीब बिचारा निजाम सगळ्यांचें भरतो, अशी थट्टा त्या काळच्या इंग्रज मंडळींतच रूढ होती. पगार थकूं नये म्हणून विल्यम पामर आणि कंपनी या पेढीकडून जबर व्याजानें कर्ज काढण्यांत आलें. तें फेडतां फेडतां १८२३ मध्यें उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनीकडून मिळणारी वार्षिक पेशकश निजामाला कायमची विकावी लागली. तरीहि फौज कमी झाली नाहीं.

या तीस-चाळीस वर्षांत दोन्ही बाजूंचें वळण बिघडलें. ज्या सत्तेचें मीठ खावें तिला उत्तर द्यावें लागत नाहीं, ही संवय अंमलदारांना जडली. उलट, आपली फौज आपली नाहीं हें ठाऊक असल्यामुळें निजामाच्या दरबारानें तिची विचारपूस सोडून दिली. बंडखोर जमीनदार असो कीं थकलेला वसूल असो, रेसिडेंटनें फौज धाडली कीं काम भागे. मग मुलकी कारभार सुधारण्याचें कारणच काय? श्रोतेहो, ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. फौज वरचेवर मदतीस येऊं लागली कीं मुलकी कारभाराचे हातपाय लुळे पडतात, आणि ते लुळे पडले म्हणून फौज पुन्हां बोलवावी लागते.

शेवट व्हावयाचा तोच झाला. २१ मे १८५३ रोजीं लॉर्ड डलहौसीच्या अमदानींत निजाम नासिरुद्दौला याच्याकडून तह करून घेण्यांत आला. पांच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ व तोफखान्याच्या चार तुकड्या इतकी कंटिंजंट फौज कायम राहावी, आणि तिच्या खर्चासाठीं वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे प्रांत इंग्रजांच्या ताब्यांत असावे, असें ठरलें. १८६० च्या तहानें धाराशिव व रायचूर परत मिळाले. पन्नास लाखांचें कर्ज माफ झालें. वऱ्हाड मात्र अनामत म्हणून इंग्रजांकडेच राहिलें. पुढें १९०२ मध्यें लॉर्ड कर्झननें निजाम मीर महबूब अलीखान याच्याकडून वऱ्हाड सालीना पंचवीस लक्ष रुपयांवर कायमच्या पट्ट्यानें घेतलें. १९०३ मध्यें कंटिंजंट फौज हिंदी सैन्यांत विलीन झाली, आणि वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलें गेलें. ज्या फौजेच्या पगारासाठीं प्रांत गहाण पडला ती फौज नाहींशी झाली. गहाण मात्र सुटलें नाहीं. आमच्या शेतकऱ्याला सावकारी गहाणाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाहीं.

कोणी म्हणेल, हा परक्यांचा कावा होता; त्यांत आपला काय दोष? पण आपला स्वतःचा इतिहासहि हेच तीन प्रश्न विचारतो. शिवाजी महाराजांनीं शिपायांना रोख वेतन देण्यावर भर दिला; मुलूख तोडून देण्याचें टाळलें. गडावर हवालदार, सबनीस व कारखानीस असे तीन अधिकारी ठेवीत. सबनिसाकडे हिशेब, कारखानिसाकडे धान्य व दारूगोळा. एकट्या हवालदाराच्या मनांत आलें म्हणून गड शत्रूच्या स्वाधीन होऊं शकत नसे. चिपळूणच्या बाजूस छावणी करून राहिलेल्या घोडदळाला, रयतेस काडीचीहि तोशीस लावूं नका, विकत घ्यावयाचें तें बाजारांत घ्या, अशी सक्त ताकीद महाराजांनीं दिली होती. शत्रूशीं कसें लढावें हें तर त्यांनीं शिकविलेंच. पण आपल्याच लोकांत फौजेनें कसें राहावें, हेंहि शिकविलें. वळण म्हणतात तें याला.

पुढें सरंजामाची पद्धति वाढली. सरदारानें मुलूख खावा व त्यांतून फौज पोसावी, अशी रीत पडली. त्यामुळें शिपाई सरदाराकडे पाहूं लागला, पुण्याकडे पाहीना. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं थकलेल्या पगाराचें निमित्त करून गारदी शनिवारवाड्यांत शिरले आणि पेशवे नारायणराव मारले गेले. त्या कटामागें घरांतली माणसें होतीं हें खरें; पण पगारासाठीं हत्यार उपसून वाड्यांत शिरण्याची छाती ज्यांना झाली, त्यांचें वळण आधींच बिघडलेलें होतें. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं यशवंतराव होळकरांनीं हडपसरापाशीं पेशवे व शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला, दुसरा बाजीराव वसईला पळाला, आणि ३१ डिसेंबरला त्यानें इंग्रजांशीं तह केला. म्हणजे मराठी राज्यावर तैनाती फौज आली, ती मराठी फौजच मराठी सत्तेचा हुकूम मानीना म्हणून. या फौजा शौर्यांत कोणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. उणीव होती ती एका धन्याची.

इंग्रजांच्या स्वतःच्या घरांतहि हा वाद पेटला. वऱ्हाड पदरांत पाडून घेणाऱ्या त्याच कर्झनला तीन वर्षांनीं पद सोडावें लागलें, आणि तें सरसेनापति लॉर्ड किचनर याच्याशीं झालेल्या झगड्यामुळें. व्हाइसरॉयच्या कौन्सिलांत सरसेनापतीखेरीज एक निराळा लष्करी सभासद असे. त्याचाहि सल्ला मुलकी सत्तेला मिळे. हें दुसरें तोंड बंद व्हावें, असा किचनरचा आग्रह होता. विलायत सरकारनें किचनरची बाजू उचलून धरली आणि ऑगस्ट १९०५ मध्यें कर्झननें राजीनामा दिला. तेव्हांपासून सरसेनापति हा व्हाइसरॉयच्या खालोखाल हिंदुस्थानांतील सर्वांत बलाढ्य पुरुष झाला.

स्वातंत्र्याबरोबर ही व्यवस्था मोडणें भाग होतें. २ सप्टेंबर १९४६ रोजीं हंगामी सरकार आलें तेव्हां संरक्षणखातें सरदार बलदेवसिंग यांच्याकडे गेलें, म्हणजे सरसेनापतीच्या वर एक लोकपक्षाचा मंत्री बसला. दिल्लींतील सरसेनापतीचा प्रशस्त बंगला पंतप्रधानांचें निवासस्थान झाला. तोच पुढें तीन मूर्ति भवन म्हणून प्रसिद्धीस आला. १९५५ मध्यें सरसेनापति ही पदवीच रद्द करण्यांत आली व भूदल, नौदल आणि वायुदल यांचे तीन प्रमुख बरोबरीचे ठरले. या गोष्टी वरवर मानपानाच्या दिसतात. पण शिपाई आणि कारकून दोघेहि मानपान पाहूनच वरिष्ठ कोण तें ओळखतात.

आणि मराठवाड्यांतील श्रोत्यांना आणखी एक गोष्ट आठवेल. सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईनंतर मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी हे हैदराबादचे लष्करी गव्हर्नर झाले. एवढ्या मोठ्या संस्थानाचा सारा अधिकार एका सेनानीच्या हातीं आला. सुमारें सवा वर्षानें, १९४९ च्या अखेरीस, त्यांनीं तो वेल्लोडी या मुलकी अधिकाऱ्याच्या स्वाधीन केला व ते आपल्या फौजेंत परत गेले. फौजेनें सत्ता घेतल्याचीं उदाहरणें जगांत पुष्कळ आहेत. ठरल्याप्रमाणें ती परत दिल्याचीं उदाहरणें कमी सांगितलीं जातात, कारण त्यांत गाजावाजा नसतो.

आतां त्या अचलपुरी पलटणीकडे वळूं. कंटिंजंट विलीन झाल्यावर तिच्या पायदळाच्या पलटणी १९२२ मध्यें एकोणिसाव्या हैदराबाद रेजिमेंटमध्यें एकत्र आल्या. तींत कुमाऊंनी, जाट, अहीर अशा उत्तरेकडील शिपायांचा भरणा वाढत गेला, आणि १९४५ च्या ऑक्टोबरांत तिचें नांव कुमाऊं रेजिमेंट असें झालें. १७८८ ची ती पलटण म्हणजे आजची चौथी कुमाऊं. ३ नोव्हेंबर १९४७ रोजीं श्रीनगरजवळ बडगाम येथें धारातीर्थीं पडलेले, पहिल्या परमवीरचक्राचे मानकरी मेजर सोमनाथ शर्मा हे याच पलटणीचे. आणि या रेजिमेंटनें स्वतंत्र भारताला तीन सेनाप्रमुख दिले: कोल्हापुरीं जन्मलेले जनरल श्रीनागेश, जनरल थिमय्या आणि जनरल रैना.

यांपैकीं थिमय्यांची कथा आपल्या विषयाच्या गाभ्याशीं जाते. ३१ ऑगस्ट १९५९ रोजीं संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशीं बेबनाव होऊन त्यांनीं राजीनामा दिला. पंतप्रधान नेहरूंनीं त्यांची समजूत घातली व त्यांनीं तो मागें घेतला. २ सप्टेंबरला लोकसभेंत नेहरूंनीं मुलकी सत्ता हीच श्रेष्ठ आहे व राहिली पाहिजे, असें स्पष्ट सांगितलें. तत्त्व बरोबर होतें. परंतु सेनाप्रमुखाची तक्रार काय होती, ती खरी कीं खोटी, हा प्रश्न तत्त्वाच्या घोषणेखालीं दबून गेला. त्यापासून पुष्कळ अंमलदारांनीं एक धडा घेतला: वरच्यांना न आवडणारें बोलूं नये. मर्जीतल्या माणसांची चलती झाली. १९६२ च्या ऑक्टोबरांत चीनचा हल्ला आला तेव्हां पुरेसे कपडे, दारूगोळा व रस्ते नसतां जवानांना हिमालयाच्या बर्फांत उभें करण्यांत आलें होतें. १८ नोव्हेंबरला रेझांग-ला येथें मेजर शैतानसिंग व तेराव्या कुमाऊंच्या एका कंपनींतील शंभराहून अधिक जवान जागा न सोडतां पडले. त्यांनीं हुकूम पाळला. हुकूम देणाऱ्यांच्या बैठकींत मात्र खरें बोलणारें आणि खरें ऐकणारें माणूस कमी पडलें होतें.

म्हणजे, श्रोतेहो, धोका एक नाहीं, दोन आहेत. फौज मुलकी सत्तेचें ऐकत नाहीं, हा पहिला; तो सर्वांना दिसतो. फौज मुलकी सत्तेपुढें नुसती मान डोलावते, हा दुसरा. तो पराभव झाल्याशिवाय दिसत नाहीं.

या दोहोंमधली वाट दाखविण्याचें काम एका मराठी माणसाकडे आलें. २१ नोव्हेंबर १९६२ रोजीं यशवंतराव चव्हाणांनीं संरक्षणखात्याचीं सूत्रें घेतलीं. ते फौजी नव्हते. सातारा जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या घरांतून आलेले वकील होते. त्यांनीं तिन्ही दलांचे प्रमुख व सचिव यांच्याशीं रोज सकाळीं एकत्र बसण्याचा परिपाठ ठेवला. गोष्ट लहानशी, पण तिनें वळण बदललें. लष्करी अंमलदारांना आपलें म्हणणें तोंडावर सांगण्याची जागा मिळाली, आणि निर्णय मंत्र्याचा, जबाबदारीहि मंत्र्याची, हेंहि स्पष्ट झालें. तिचें फळ १ सप्टेंबर १९६५ रोजीं दिसलें. छांब भागांत पाकिस्तानी रणगाडे पुढें सरकत असतां सेनाप्रमुख चौधुरी व वायुदलप्रमुख अर्जनसिंग यांनीं विमानें वापरण्याची परवानगी मागितली. चव्हाणांनीं ती जागच्या जागीं दिली व त्याच संध्याकाळीं विमानें उडालीं. अर्जनसिंगांचा सल्ला घेऊन निर्णय दिला तो एका वकिलानें, आणि तो तत्काळ अंमलांत आला.

रेजिमेंटचे तिसरे सेनाप्रमुख रैना हे १ जून १९७५ रोजीं त्या पदावर आले. महिना पुरा होण्यापूर्वींच आणीबाणी पुकारली गेली. नागरिकांचे हक्क गोठले, वृत्तपत्रांचीं तोंडें बंद झालीं. पण फौज राजकारणांत उतरली नाहीं. १९७७ मध्यें निवडणुका झाल्या आणि मतपेटीनें सरकार बदललें. ज्या फौजेच्या पूर्वजांपायीं एक प्रांत गहाण पडला, तिच्याच परंपरेंतील माणूस सेनाप्रमुख असतां देशाच्या घटनेला फौजेकडून धक्का लागला नाहीं. एवढा फरक सव्वाशें वर्षांत पडला.

पण याचें सगळें श्रेय पलटणीच्या संस्कारांना देणें चुकीचें होईल. १९४७ मध्यें एकाच हिंदी सैन्याचे दोन भाग झाले. तीच कवायत, त्याच परंपरा, एकाच प्रबोधिनींत शिकलेले अंमलदार. तरी पाकिस्तानांत १९५४ सालीं सरसेनापति अयूबखान यांनाच संरक्षणमंत्री करण्यांत आलें, आणि १९५८ मध्यें त्यांनीं सारी सत्ता घेतली. तेथें १९५६ पर्यंत घटनाच तयार नव्हती. मंत्रिमंडळें येत आणि जात. इकडे १९५० मध्यें घटना अंमलांत आली, व १९५१-५२ मध्यें सार्वत्रिक निवडणूक पार पडली. फौज रिकाम्या खुर्चीकडे ओढली जाते. खुर्चीवर लोकांनीं बसविलेला माणूस असेल, तर तिला तेथें जाण्याचें कारण उरत नाहीं. हल्लीं १ जानेवारी २०२० पासून तिन्ही दलांवर समन्वयासाठीं एक संरक्षणदलप्रमुख नेमण्यांत आला आहे. त्याचाहि विचार आपण याच कसोटीवर करीत राहिलें पाहिजे. पगार, हुकूम आणि बढती यांचें उत्तर लोकांनीं निवडलेल्या सत्तेकडे आहे ना? आणि त्या सत्तेपुढें खरें बोलण्याची मुभा आहे ना?

माझ्या हवालदार विद्यार्थ्याचें वाक्य आतां मला नीट कळतें. शत्रू कोण आणि मित्र कोण हें फौजेला सांगून ठेवलेलें असतें. गांवाच्या कारभारांत तसें नसतें. तेथें पाण्याच्या नळावर भांडणारे दोघेहि आपलेच असतात. त्यांचें ऐकावें लागतें, समजूत घालावी लागते, आणि पुढल्या निवडणुकींत हिशेब द्यावा लागतो. हें काम कंटाळवाणें आहे म्हणून तें शिपायावर टाकणें ही शिपायाची स्तुति नव्हे. तो आपला आळस आहे. ज्या गृहस्थांनीं देश फौजेच्या हातीं द्या म्हणून सांगितलें, ते आमच्या गांवच्या गेल्या सभेला आले नव्हते. खरें सांगावयाचें तर मीहि गेलों नव्हतों.

एका दरबारानें आपला कारभार सुधारण्याऐवजीं फौजेवर भिस्त ठेवली आणि आपलें वऱ्हाड गहाण पडलें. तो धडा आपल्या दाराशीं घडलेला आहे. पुढच्या सभेला मात्र मी जाणार आहें.